उतरा, थांब, बसा

माणसाचा प्रत्येक निर्णय तर्काच्या पायावर उभा असतो, असं प्राध्यापक ढुंढिराज गर्गे तेहेतीस वर्षं बी.ए.च्या वर्गाला सांगत आले. त्या मंगळवारी सकाळी मात्र त्यांचा स्वतःचा उजवा पाय मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत होता आणि घोट्यापाशी त्याचा आकार दुधी भोपळ्याकडे झुकला होता.

पाय दुखावला तो मोटारसायकलमुळे. मोटारसायकल तेव्हा उभी होती. धावत्या गाडीवरून पडून पाय मोडला तर त्यात काहीएक प्रतिष्ठा असते. पण इंदिरानगरातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मेन स्टँडवर लावलेल्या, दीड वर्षात तसूभरही न हललेल्या गाडीने आपल्याला लाथ मारली, हे डॉक्टरांना सांगणार कसं? ढुंढिराज म्हणाले, जिन्यावरून घसरलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, हाड शाबूत आहे म्हणाले, आणि या वयात जिना जपून चढायचा सल्ला दिला.

गाडी बुलेट होती, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची, आणि ती ढुंढिराजांची नव्हती. त्यांच्या बायकोची, मालिनीची होती. मालिनीचे वडील इगतपुरीला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावून वर ढकलण्यात त्यांचा जन्म गेला, आणि मुलगा नसल्यामुळे, किंवा मुलगी असल्यामुळे, त्यांनी आपली बुलेट तिला दिली. जावयाला घड्याळ दिलं. लग्नानंतर नाशकात वरात आली ती अशी की पुढे शालू खोचून मालिनी आणि मागच्या सीटवर नवरदेव, मांडीवर रुखवतातलं साखरेचं तुळशीवृंदावन सांभाळत. घोटीच्या पुढे त्याची एक बाजू वितळली होती.

गर्ग्यांच्या घराण्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. ढुंढिराजांनी ती गादी चुलतभावांना सोडली आणि तर्कशास्त्र घेतलं. फार फरक पडला नाही. तिकडे पितरांना उद्देशून बोलायचं, इकडे बी.ए.च्या मुलांना, समोरचा पक्ष दोन्हीकडे सहसा हजर नसे. कॉलेजात त्यांना रोज मालिनी सोडायची आणि संध्याकाळी घ्यायलाही तीच यायची. ती शाळेत खेळाची बाई होती. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मागे पिशव्या धरून बसलेले प्राध्यापक. मुलांनी त्यांचं नाव 'डबलसीट' ठेवलं. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यही "आपले डबलसीट सर" असं बोलून गेले, आणि सभागृहात कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

ढुंढिराजांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. सायकल येत होती.

गाडी सुरू करण्याचा मालिनीचा एक क्रम होता. "उतरा," ती म्हणायची. ढुंढिराज उतरायचे, दोघांच्या पिशव्या घेऊन गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहायचे आणि रस्त्याकडे बघायचे. लग्नाच्या पहिल्या महिन्यात एकदा त्यांनी वाकून बघायचा प्रयत्न केला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही फळ्यावर लिहिता तेव्हा मी खांद्यावरून डोकावते का?" तेव्हापासून ते रस्त्याकडेच बघत. मागे किकचा हलकासा कुरकुर आवाज यायचा. मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणायची, "थांब." मग क्षणभर काहीच नाही. मग धाडकन किक, आणि धड्‌-धड्‌-धड्‌. मग, "बसा."

उतरा. थांब. बसा.

तर्कशास्त्राच्या माणसाच्या हे लक्षात न येणं शक्यच नव्हतं. मालिनी त्यांना अहोजाहो करायची. एकतीस वर्षांत तिचं 'अहो' भांडणात सुटलं नाही, बाळंतपणात सुटलं नाही, त्यांनी गॅसवर दूध ठेवून पेपर वाचला त्या असंख्य सकाळींनाही सुटलं नाही. फक्त दिवसातून दोनदा, सकाळी पार्किंगमध्ये आणि संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर, ती त्या एका शब्दाचा शेवटचा काना गाळायची. थांब. ढुंढिराज थांबायचे. थांबलेलेच असायचे, तरी आणखी थांबायचे.

अनुमानात एक मध्यपद असतं, ते दोन्ही टोकांना जोडतं आणि निष्कर्षात मात्र कुठे दिसत नाही, हे शिकवताना ते फळ्याकडे तोंड करून थोडे हसत. मुलांना वाटे, सर खडूला हसतात. मालिनीला त्यांनी त्या 'थांब'बद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती चपापली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून 'थांबा' म्हणाली असती. ही जोखीम घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

दीड वर्षापूर्वी मालिनी गेली. गाडी पार्किंगमध्ये राहिली. ढुंढिराज तिसऱ्या मजल्यावर राहिले. मुलगी मृण्मयी पुण्याला नोकरीला होती; ती दर रविवारी फोन करायची.

"बाबा, आईची गाडी उभ्या उभ्या सडतेय. मयुरेश घ्यायला तयार आहे."

"कोण मयुरेश?"

"माझ्या ऑफिसातला. जुन्या गाड्या छान सांभाळतो. तुम्ही भेटलाय त्याला, आईच्या दहाव्याला आला होता."

"मला भेटायला, की गाडीला?"

"बाबा!"

"मी सांभाळतोय की. दर गुरुवारी पुसतो."

"पुसून काय होतं? आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालू करावं लागतं, नाहीतर आतून जाम होतं. तुम्हाला किक मारता येते?"

"त्यात काय आहे?"

मृण्मयीकडे आईचा स्वभाव आणि बापाचं तर्कशास्त्र दोन्ही आलेलं होतं, हे तिच्या ऑफिसातल्या लोकांचं दुर्दैव. "ठीक आहे," ती म्हणाली. "एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी येतेय, मयुरेशला घेऊन. तुम्ही माझ्यासमोर, स्वतः, कोणाची मदत न घेता गाडी सुरू केलीत, तर ती तिथंच राहील. मी परत विषय काढणार नाही. नाही झाली, तर त्याच दिवशी टेम्पोत घालून पुण्याला. कबूल?"

जर-तरचं विधान होतं. त्यावर ढुंढिराजांचं उभं आयुष्य गेलं होतं. ते कबूल म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायात स्लिपर घालून खाली गेले. त्यांनी अर्धी किक मारली. उरलेली अर्धी गाडीने मारली.

"भाऊजी, चपलेवर नाही हो मारायची," तळमजल्यावरच्या सुमनबाई खिडकीतून म्हणाल्या. ढुंढिराज तेव्हा एका पायावर उभे राहून खांबाला मिठी मारत होते. "मालिनी बूट घालायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला खिडकी आहे ना."

सूज उतरल्यावर ढुंढिराज रिक्षाने पाथर्डी फाट्याला कारभारीच्या गॅरेजवर गेले. कारभारी सटाण्याकडचा, साठीला आलेला. मालिनीची गाडी वर्षानुवर्षं त्याच्याच हाताखालून गेलेली. सोमवारी गॅरेज बंद असे, तेव्हा तो घरी येऊन शिकवायला तयार झाला. पहिल्या सोमवारी त्याने आधी सरांचा घोटा पाहिला, मग गाडी.

"अर्धी मारली ना?"

"अर्धी म्हणजे?"

"म्हणजे भीत भीत. हे बघा सर, अख्खी मारली का गाडी चालू होते. नाय मारली तर काय नाय होत. अर्धी मारली का ती उलटी मारते. मधलं तिला चालत नाय."

मधल्याला जागा नाही, हा नियम ढुंढिराजांनी तेहेतीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. तो घोट्यावर येतो, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

"पण चालवणार कोण?" कारभारीने विचारलं.

"कोणी नाही. नुसती सुरू करायची."

"आन मग?"

"मग बंद करायची."

कारभारीने गाडीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्याच्या धंद्याला शोभेल अशा सभ्यपणाने विषय तिथंच सोडला. त्याने टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं. त्याला व्हार्निशचा वास येत होता. स्वतःच्या गाडीतून अर्धा लिटर काढून टाकीत ओतलं. "शिकवणीपुरतं बस झालं. संपलं तर सांगा. पंपावर बाटलीत देत नाय आता, गाडी घेऊन जावं लागतं." मग किल्ली खिशात घातली. "ही राहील माझ्याकडं. तीन सोमवार मेलेल्या गाडीवरच प्रॅक्टिस."

हे बोलून झाल्यावर कारभारीने घाईघाईने हवापाण्याची चौकशी केली.

ढुंढिराजांनी वही घातली. बूट घोट्याच्या वर येणारे हवेत; मृण्मयीने पाचेक वर्षांपूर्वी दिलेले डोंगर चढायचे बूट खोक्यातून पहिल्यांदाच बाहेर निघाले. गाडी मेन स्टँडवर. मागचं चाक हाताने फिरवून बघायचं, फिरलं म्हणजे न्यूट्रल. ॲक्सिलेटर पिळायचा नाही. किकवर टाच ठेवायची नाही, बुटाचा मधला भाग ठेवायचा. गुडघा ताठ करायचा नाही, कारण उलटा झटका आला तर वाकलेला गुडघा तो गिळतो आणि ताठ गुडघा थेट कमरेला पोचवतो. आणि जोर पायाचा नसतो, अंगाच्या वजनाचा असतो: किकवर उभं राहायचं आणि खाली जायचं, जिना उतरल्यासारखं, शेवटपर्यंत. हे लिहिताना ढुंढिराजांना डॉक्टरांचा सल्ला आठवला.

वहीतलं ज्ञान पायात उतरायला, रोज सकाळी खाली सराव करूनही, वेळ लागत होता. कारभारी एरवी सरांशी बेतानं बोलायचा, पण चिडला की सरळ सटाण्याच्या अहिराणीत पोचायचा. "तुमना पाय शे का लाकूड शे?" दुसऱ्या सोमवारी तो ओरडला, आणि लगेच ओशाळून म्हणाला, "म्हणजे, गुडघा मोडा जरा, सर."

ढुंढिराजांना राग आला नाही. त्यांना सोमवार आवडू लागला होता. निवृत्तीनंतरच्या आणि मालिनीनंतरच्या त्या घरात शब्द फार लागत नसत. एका बुधवारी रात्री दिवे मालवताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की दिवसभरात आपण एकच शब्द बोललो, तोही भाजीवाल्याला: "पुरे." रिक्षात ते अजून डाव्या कडेला चेपून बसत, उजवीकडे जागा ठेवून. त्यामुळे किक किती अंशात खाली जाते, गुडघा नेमका कितपत मोडायचा, अशा शंका ते काढत राहत. उत्तरं त्यांना माहीत असत. शिष्य हुशार नाही असं कारभारीचं मत झालं, ते त्यांनी होऊ दिलं. वर्गात शंका विचारणारी मुलं नेमकी कशासाठी विचारत असतील, याबद्दलची त्यांची जुनी मतं त्या महिन्यात बदलली.

चौथ्या सोमवारी कारभारीने किल्ली लावली.

हेडलाइटच्या माथ्यावर काचेची एक लहानशी गोल डबी होती आणि तिच्यात काटा. किल्ली फिरवताच काटा डावीकडे पडला.

"आता किक दाबा. मारायची नाय, नुसती दाबायची. हळू. काट्याकडं बघा."

ढुंढिराजांनी दाबली. हलकासा कुरकुर आवाज आला. हा आवाज त्यांना माहीत होता. रस्त्याकडे बघत तो त्यांनी एकतीस वर्षं ऐकला होता. काटा थरथरला, उजवीकडे सरकला आणि बरोबर मध्यावर आला.

"आला. आता त्याला म्हणा, थांब."

"कोणाला?"

"काट्याला."

ढुंढिराजांनी काट्याकडे पाहिलं, मग कारभारीकडे.

"काटा मधे आला म्हणजे इंजिन बरोबर जागेवर आलं. तिथं पाय रोखायचा. मग हा डाव्या हाताखालचा खटका दाबायचा, आतला दाब निघतो, किक जराशी पुढं न्यायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आन मग अख्खी. पण पहिलं थांब म्हणायचं. तोंडानं. पायाला सांगितलं तर पाय ऐकत नाय, काट्याला सांगितलं का बरोबर ऐकतो."

"हे... म्हणायचं असतं, हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय कुठं! मॅडम म्हणायच्या ना. त्यांना वडलांनी शिकवलं होतं. मी ऐकलं, मला पटलं. आता मी सगळ्या गिऱ्हाइकांना तेच शिकवतो. फाट्यावरून शिकून गेलेला माणूस थांब म्हटल्याबिगर किकला पाय लावत नाय. नाशकात पन्नास-साठ तरी असतील." कारभारीच्या आवाजात अभिमान होता. "म्हणा."

ढुंढिराजांनी किकवरून पाय काढला, शिकवल्याप्रमाणे हळू. घोट्यात कळ आली म्हणाले. किल्ली घेऊन ते वर गेले.

एकतीस वर्षांचा सिद्धांत होता. त्याला एका सोमवारी पन्नास-साठ गिऱ्हाईकं आडवी आली. सिद्धांत कोसळला तर शास्त्रज्ञाने आनंद मानावा, असं ते वर्गात सांगत असत. ते खुर्चीत बसले आणि आनंदाची वाट पाहू लागले.

पुढचे तीन दिवस ते गाडीपाशी गेले नाहीत. मंगळवारी, बुधवारी त्यांनी पुरावे तपासले. 'थांब' हा शब्द मालिनीने गाडीपासून दूर, गाडीशी संबंध नसताना, कधी उच्चारला होता का? एकदाच उच्चारला होता. हॉस्पिटलात, सातव्या दिवशी. ढुंढिराज चहा घ्यायला बाहेर निघाले होते आणि नेमकी त्याच वेळी सिस्टर तिच्या हातातली सलाइनची सुई काढायला वाकली होती. मालिनी डोळे मिटून होती. ती म्हणाली, "थांब."

दोघंही थांबले.

सिस्टर वेदिका वयाने लहान होती, आणि लहान मुलींना मालिनी एकेरीच हाक मारायची. सुई काट्यासारखी असते, हेही खरं. दुसऱ्या बाजूला, हॉस्पिटलात गाडी नव्हती. ढुंढिराजांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे वहीत समोरासमोर मांडले. मग तेहेतीस वर्षांत ज्या मुलांना त्यांनी शून्य दिलं होतं, त्या मुलांसारखं खाली लिहिलं: 'सांगता येत नाही.'

शुक्रवारी जिन्यात सुमनबाई भेटल्या.

"भाऊजी, चार दिवस खिडकी ओस पडलीय. झालं का शिक्षण?"

"सोडलं."

"अगंबाई! का? मला सवय झाली होती. पूर्वी मालिनीची होती, मग तुमची झाली. मालिनी ते 'थांब' म्हणायची ना, मी तेव्हा गॅस बंद करायचे. बरोबर दूध वर यायच्या वेळेला म्हणायची. मला तर कितीतरी दिवस वाटायचं, मलाच सांगते." त्या हसल्या. "आता रोज उतू जातं."

ढुंढिराज वर गेले आणि बराच वेळ दाराशीच उभे राहिले. गाडी पुण्याला गेली, तर मयुरेश एक तर थांब म्हणेल किंवा म्हणणार नाही. दोन्ही पक्षी ते इथे कोणाला ऐकू येणार नाही. हे अनुमान सोपं होतं. त्यात मध्यपदाची गरज नव्हती. त्यांनी बूट घातले.

शुक्रवारी आणि शनिवारी गाडी सुरू झाली नाही. शुक्रवारी ते थांब म्हणालेच नाहीत, ओठ हलवले. शनिवारी म्हणाले, पण पाय वाटेत कचरला आणि गाडीने मुळमुळीत एक धक्का देऊन त्यांना सोडून दिलं. वाकवलेल्या गुडघ्याने तो गिळला. कारभारीचं शिक्षण वाया गेलं नव्हतं. कारभारी स्वतः पुतणीच्या लग्नाला सटाण्याला गेला होता.

रविवारी दहाला मृण्मयी आली. सोबत मयुरेश, आणि मयुरेशसोबत टेम्पोत गाडी बांधायचा दोर. मुलगा खरंच चांगला होता. त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा नेमका उजव्या घोट्याला हात लावला, आणि ढुंढिराजांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याने आशीर्वाद समजून घेतला.

"बाबा, नक्की करायचंय ना?" मृण्मयी हळूच म्हणाली. "नाही जमलं तरी काही नाही हं. तुमचं वय..."

"पिशवी धर," ढुंढिराज म्हणाले, आणि हातातली पिशवी तिच्याकडे दिली. पिशवीत काही नव्हतं. खाली येताना त्यांनी ती सवयीने घेतली होती.

बूट. मेन स्टँड. मागचं चाक फिरवलं, फिरलं. पेट्रोलचा कॉक उघडला. किल्ली लावली, काटा डावीकडे पडला. सुमनबाई खिडकीत पातेलं पुसत उभ्या होत्या. ढुंढिराजांनी किकवर बुटाचा मधला भाग ठेवला आणि हळू दाबली. कुरकुर झाली. काटा थरथरत निघाला. मृण्मयी बघायला जवळ येत होती.

"थांब," ते म्हणाले.

मृण्मयी होती तिथंच थांबली. "मला?"

"नाही," ढुंढिराज म्हणाले. "काट्याला."

एकतीस वर्षं त्यांनी न विचारलेला प्रश्न एवढाच होता. तिला विचारायला एक क्षण लागला आणि त्यांना सांगायला दुसरा. काटा मध्यावर होता. त्याच्याकडे बघत ते जरा जास्तच वेळ उभे राहिले, तेव्हा मयुरेशने घड्याळ पाहिलं. मग त्यांनी खटका दाबला, किक जराशी पुढे नेली, खटका सोडला, किक वर येऊ दिली, आणि जिना उतरतात तसं अख्ख्या वजनानिशी शेवटपर्यंत खाली गेले.

धड्‌. मग काही नाही. मग धड्‌-धड्‌-धड्‌.

निळसर धूर निघाला. खिडकीत सुमनबाईंनी हात जोडले; गाडीला की देवाला, हे कळायला मार्ग नव्हता. मृण्मयीने तोंड फिरवलं आणि ती रिकामी पिशवी डोळ्यांना लावली. "ठेवा," ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "ठेवा बाबा, तुमचीच आहे." मयुरेशने समंजसपणे दोर गुंडाळायला घेतला.

"काका, एक राउंड मारा ना!" तो ओरडला. "मी व्हिडिओ काढतो!"

हा मुद्दा जर-तरमध्ये आलेला नव्हता.

ढुंढिराज डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. गाडी सुरू झाली की पुढचा शब्द 'बसा.' ते थोडा वेळ उभे राहिले. तो शब्द काही आला नाही. मग ते न सांगताच बसले, मागच्या सीटवर, एक हात सीटखालच्या दांडीला धरून.

मयुरेशने मोबाइल खिशात ठेवला. मृण्मयीने त्याच्याकडे बघून मान हलवली. "आम्ही पोहे टाकतो. तुम्ही या सावकाश," ती म्हणाली, आणि दोघं जिना चढून गेले. सुमनबाई खिडकीतून आत गेल्या.

गाडी स्टँडवर धडधडत होती. मागच्या सीटवरून पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं: टाकी, हँडल, हेडलाइटच्या माथ्यावरची काचेची डबी. इतकी वर्षं ढुंढिराज याच जागी बसले होते, पण इथून काटा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. मध्ये तिची पाठ असायची. ते काट्याकडे बघत बसले. तो मध्याच्या आसपास थरथरत होता, थांबत नव्हता.

साधारण वीस मिनिटांनी गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. पंपावर बाटलीत देत नाहीत.